गोरज

गुरं परतली की माझी पाळी सुरू होते.
आमादूच्या सत्तावीस गायी, शिंगं आभाळाला लावलेल्या,
गल्लीभर लाल धूळ उडवत जातात,
आणि ती धूळ खाली बसायच्या आत
मला उकिडवं बसून पश्चिमेकडे पाहायचं असतं.
उभ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर,
जिथे उजेड अजून ताकावरच्या निवळीसारखा आहे.

तिथे ते असतात.
आधी एक. मग सात. मग बोटं पुरत नाहीत.
सगळे नर. एकही चावत नाही.
फुलातलं गोड पिऊन वाढलेले, मिशा पिंजारून आलेले,
वर-खाली, वर-खाली,
नाचणं तेवढं ठाऊक, थांबणं नाही.

नव्या माणसाला वाटतं, कुठेही जमत असतील.
नाही. त्यांना खूण लागते.
कोरोतुमूमावशीची उखळ.
विहिरीकाठचा पांढरा धोंडा.
मशिदीमागचा राखेचा ढीग.
येझुमाची गाढवगाडी, जी हलवली की घोळकाही हलतो,
म्हणून येझुमा म्हणतो,
वरात रोज माझ्या मागे, नवरी मात्र अजून ठरायची आहे.

बोबोहून येणाऱ्या मिनाताबाईंनी मला ऐकायला शिकवलं.
मादी एकटी येते. तिच्या पंखांचा आवाज खालच्या पट्टीतला.
नर तो टिपतो, आपला थोडा चढवतो, ती थोडा उतरवते,
आणि सूर जुळला
की जोडी घोळक्यातून निसटते,
खाली, तिरपी, माझ्या गुडघ्यापर्यंत, आणि गेली.
"आयुष्यात एकदाच," बाई म्हणाल्या.
"त्यानंतर जन्मभर अंडी. पुन्हा सूर नाही."

म्हणून इथेच गाठायचं. वीस मिनिटं मिळतात.
लांब दांडा, पाठीवर डबा, फवारा एकदाच.

कोरोतुमूमावशी पहिल्या दिवशी भांडली:
"चावतात त्या बाया, आणि तू मारतोस नवरदेवांना?"
मी म्हटलं, मावशी, मांडवच उठवला तर लग्न कशाला लागेल?
तिने मुसळ थांबवलं. विचार केला.
मग उखळीवर पत्र्याची पाटी पालथी घातली.
"बाजरीत पडू देऊ नकोस. चल, उरक."

गेल्या पावसाळ्यात सेरीच्या झोपडीत
सकाळी चादर पसरून मोजले, तर त्रेपन्न.
यंदा अकरा.
मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.
बाई म्हणाल्या, अक्षर लहान काढ, फातोगोमा,
अकरासुद्धा पुष्कळ असतात.

आमच्या अंगणातला घोळका वहीत शेवटी येतो.
सियाकाची मोटारसायकल उभी असायची
तिथे तेलाचा काळा डाग आहे.
माझा धाकटा भाऊ गाडी विकून आबिजानला गेला,
तीन पावसाळे झाले.
डाग राहिला.

हे नर परवा-तेरवा भाताच्या पाण्यातून निघालेले.
त्यांनी गाडी पाहिली नाही. सियाकाला तर नाहीच.
कालचे आजच्यांना काही सांगून गेले असतील असंही नाही,
कालचे मी मारले.
तरी हे बरोबर त्याच जागी,
वीतभर इकडे नाही, तिकडे नाही.

"सोपं आहे, माती टाक," बाई म्हणाल्या, "खूण मोडेल."
मी दोन घमेली भरून आणलीसुद्धा.
आई अंगण झाडत होती. काही बोलली नाही.
झाडत झाडत डागापर्यंत आली,
कडेकडेने वळली,
आणि पुढे झाडत गेली.

घमेली भिंतीशीच आहेत. त्यांत आता गवत उगवलंय.

सहा वाजून अडतीस मिनिटं.
मी आईला म्हणतो, आत जा, तोंडाला फडकं लाव.
ती फडकं लावते. आत जात नाही.
"आज किती?"
"चाळीसेक."
"कालच्यापेक्षा कमी?"
"कमी."
ती उंबऱ्यावर जरा सरकून बसते.
मी दांडा उचलतो,
डागावर पाय पडणार नाही
अशा बेताने उभा राहतो.